मंदी काकाजींचा गुडघा

मंदी काकाजींना मी स्वतःच्या कुठल्याही गोष्टीला चांगलं म्हणताना कधी ऐकलं नाही. शेलूबाजारच्या बाजारात त्यांची वांगी सगळ्यांच्या आधी संपायची. रिकामी टोपली उलटी करून झटकत ते उभे असायचे, आणि कोणी विचारलं, "कसा झाला काकाजी आजचा बाजार?" की कडू काढा प्यायल्यासारखं तोंड करून म्हणायचे, "मंदी हाये बापू. काही खरं नाई." त्यावरूनच हे नाव पडलं. खरं नाव रेशन कार्डावर असेल. गावाला त्याची कधी गरज पडली नाही.

तसं आमच्याकडे हे सगळेच थोडंथोडं करतात. पीक जोरात असलं तर 'हाये कसंतरी' म्हणायचं, म्हैस बादली भरून दूध देत असली तर 'देते घोटभर' म्हणायचं, लेकरू गुटगुटीत असलं तर गालाला काजळाचा ठिपका लावायचा. कोणाची नजर कशी असेल, काय सांगता येतं! पण बाकीचे लोक हे मिठासारखं वापरायचे, काकाजींनी त्याची भाजीच केली होती. त्यांच्या विहिरीला मे महिन्यात पाणी असायचं आणि ते म्हणायचे, "गाळ हाये नुसता." गाळावर हिरवीगार मेथी यायची.

दुसरी खोड म्हणजे ते बसत नसत. टपरीवर बाकडं रिकामं असलं तरी बशी हातात घेऊन येरझाऱ्या घालायचे, आणि निम्मा चहा पायजम्यावर सांडायचे. एसटीत खिडकीची जागा मिळाली तरी दोन गावं गेली की उठून कंडक्टरच्या शेजारी जाऊन उभे. मी एकदा विचारलं, "काकाजी, पायाला मुंग्या येतात काय?"

"बसलं का डोकं चालते बे," ते म्हणाले, "अन डोकं चाललं का भलतंसलतं दिसते."

आता अशा माणसाचा आणि बास्केटबॉलचा काय संबंध? तर संबंध त्यांच्या मुलीमुळे आला, आणि मुलीचा माझ्यामुळे. आमच्या शाळेच्या मागे, हायवेला लागून, सिमेंटचं एक मैदान आहे. कुठल्याशा निधीतून ते झालं, दोन्ही टोकांना खांब उभे राहिले, रिंगा लागल्या, आणि त्यानंतर बरीच वर्षं गावानं त्यावर सोयाबीन वाळवलं. गावात बास्केटबॉल खेळलेला मी एकटाच, म्हणून मुलींना शिकवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. 'खेळलेला' हेही जरा जास्तच झालं. कॉलेजात असताना माझी सर्वांच्या लक्षात राहिलेली एकमेव बास्केट मी आमच्याच रिंगमध्ये टाकली होती, आणि वर दोन्ही हात उंचावून अर्धं मैदान धावलोही होतो. शिकवायच्या पहिल्या दिवशी पोरींसमोर ऐटीत उडी मारायला गेलो, तर फटीत राहिलेले सोयाबीनचे दाणे बुटाखाली आले आणि मी बसल्या बसल्या खांबापर्यंत घसरत गेलो. सगळ्या पोरी हसल्या. एक तेवढी हसली नाही. तिनं कोपऱ्यातला खराटा घेतला आणि मैदान झाडायला लागली. ती पल्लवी, मंदी काकाजींची धाकटी. खराटा धरलेल्या तिच्या हातांची लांबी पाहून मी पडल्या जागीच ठरवलं, ही आपली चार नंबर.

चार नंबर म्हणजे काय, हे सांगायला हवं. बास्केटबॉलात एका बाजूला पाच जण. त्यातला चौथा म्हणजे पॉवर फॉरवर्ड. रिंगखाली उभं राहायचं, कोपरं खायची, खांदे खायचे, आणि रिंगवर आपटून परत आलेला चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून ओढून घ्यायचा. लांबून चेंडू टाकणाऱ्याचं नाव होतं, चार नंबरला फक्त ओरखडे मिळतात. मीही कॉलेजात चार नंबरच होतो. मला ओरखडे भरपूर मिळाले. चेंडूचं काही सांगता येत नाही. पल्लवीकडे मात्र चेंडू आपणहून यायचा. माझं मोबाइल दुरुस्तीचं दुकान रोज संध्याकाळी पाचला बंद व्हायला लागलं, आणि त्याच वेळी घरी बायकोचं तोंड उघडायला लागलं.

काकाजी रोज यायचे. पिशवीत उरलेली सांभाराची, म्हणजे कोथिंबिरीची, जुडी, आणि मैदानाच्या कडेनं इकडून तिकडे, तिकडून इकडे. पण पल्लवीच्या हाती चेंडू आला रे आला की ते गर्रकन पाठ फिरवायचे. चेंडू दुसरीकडे गेला की पुन्हा तोंड मैदानाकडे. मला आधी वाटलं, लाजतात. मग वाटलं, मुलीचं चड्डी घालून खेळणं पसंत नसेल. शेवटी न राहवून विचारलंच.

"मायबापाची नजर पयले लागते," काकाजी म्हणाले. "लोकाइची उतरवता येते. आपली कोण उतरवन बे?"

म्हणजे पाठ फिरवून ते बघणाऱ्यांचे चेहरे वाचत. समोरचे ताठ झाले की पल्लवीनं उडी घेतली, हात वर गेले की चेंडू तिला मिळाला, अशी त्यांची गणितं. एकदा पाचनंतरचं राहिलेलं दुरुस्तीचं काम रात्री जागून केल्यामुळे मला भलीमोठी जांभई आली. काकाजी ओरडले, "काय झालं? पडली काय?" पोरी खेळायच्या थांबल्या. ज्या चार नंबरचा खेळ पाहायला ते रोज उन्हातान्हात येत, तिला खेळताना त्यांनी पाहिलंच नव्हतं. त्यांना पाठ होता तो फक्त समोरच्या संघाचा खेळ.

आणि वाद नेमका याच मुद्द्यावर पेटला. त्या हिवाळ्यात विभागाच्या संघाची निवड जवळ आली. विभागात सगळ्यात भारी चार नंबर कोण, आमची पल्लवी की शिरपूरची साक्षी? टपरीवर तेच, बाजारात तेच, जीपमध्ये तेच. शेलूबाजार ते वाशीम जीप चालवणारा मुन्ना पल्लवीचा कट्टर माणूस. स्टिअरिंगवर एक हात आणि दुसरा हात वादात. सामन्यांना आम्ही त्याच्याच जीपमधून जायचो. काकाजी अर्थातच पाठीमागे लटकत, आत जागा असली तरी.

"काकाजी, पल्लवीसारखी चार नंबर अख्ख्या विभागात नाई," मुन्ना आरशात पाहून ओरडायचा.

"काय बोलून राह्यला बे! शिरपूरच्या पोरीचा खांदा पाह्यला काय तू? बॉल रिंगले लागाच्या आंधीच ते जागा धरून बसते. अन आमची? बॉल दिसला का पळते, जशी बस सुटून राह्यली."

"म्हणजे तुमच्या पोरीले काईच येत नाई?"

"येते ना. भूक येते, झोप येते."

जीप हसायची. मागे किन्हीराजाला जाणारी एखादी म्हातारी म्हणायची, "काहून नावं ठेवून राह्यले दादा पोरीले?" पण काकाजी थांबत नसत. साक्षी उडी घेताना आधी डावा पाय कसा रोवते, पाठीनं कशी ढकलते, पंचाला न दिसता कोपर कसं ठेवते, हे इतक्या बारकाईनं आणि इतक्या प्रेमानं सांगायचे की मुन्नाही दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून ऐकायचा. पल्लवी त्याच जीपमध्ये खिडकीशी बसलेली असायची. मांडीवर बुटांची पिशवी, नजर बाहेरच्या तुरीवर.

एके दिवशी सराव झाल्यावर ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली. बूट काढले, पुन्हा घातले, पुन्हा काढले. मग म्हणाली, "सर, बाबांले एक विचारा ना. साक्षी त्यांची पोरगी असती तर त्यांले बरं वाटलं असतं काय?"

मी दुसऱ्या दिवशी सकाळीच काकाजींच्या वावरात गेलो. ते वांग्याला पाणी देत होते. या वाफ्यातून त्या वाफ्यात, फावडं खांद्यावर. मी पाठीमागून चिखल तुडवत तिचं म्हणणं सांगितलं. त्यांनी पाटातलं पाणी वळवायला एक बारं फोडलं, एक बुजवलं.

"तिच्या मायले दवाखान्यातून घरी आणलं होतं," ते एकदम म्हणाले. "पल्लवी लहान होती. गाव इचाराले आलं, कशी हाये? म्या अंगनात उभा राहून मोठ्यानं सांगतलं, आता बेस हाये, चालाले लागली. हप्ता नाई गेला." फावड्यानं त्यांनी उगाच एक ढेकूळ फोडलं. "बस. तवापासून तोंडाले कुलूप."

मी शहाणा. म्हणालो, "काकाजी, त्याचा याचा काही संबंध नसतो."

"मले मालूम नाई काय?" ते उसळून म्हणाले. "मले मालूम हाये. माह्या जिभेले मालूम नाई." आणि पुढच्या वाफ्याकडे निघून गेले. मी परत फिरताना पाटात पाय घालून एक चप्पल तिथंच ठेवून आलो. ती शोधायलाही मला तोंड राहिलं नव्हतं.

निवड वाशीमला होती. बाहेरगावचे एक सर आले होते, टोपी, गळ्यात शिट्टी, हातात पॅड. बाकी जागा दुपारपर्यंत भरल्या. चार नंबरची एक जागा राहिली आणि दोन मुली राहिल्या. ज्या मुलीची निवड होईल तिला प्रशिक्षण केंद्रात वसतिगृह, कॉलेज, खुराक, सगळं मिळणार होतं. जिची होणार नाही, तिचा खेळ बारावीबरोबर संपणार होता, कारण त्यापुढे आमच्याकडे मुलींचा संघच नाही. पल्लवीला हे माहीत होतं. काकाजींनाही माहीत होतं. सकाळपासून त्यांनी मैदानाभोवती पायवाट पाडली होती.

सरांनी दोघींच्या वडिलांना बोलावलं. "दोघी बरोबरीच्या आहेत," ते म्हणाले. "तुम्हीच सांगा, घरी कशा आहेत? दिवसातून दोनदा सराव झेपेल?"

साक्षीचे वडील शिरपूरचे, आपल्याच मातीतले. मफलर सारखा करत म्हणाले, "आमची काय सर, आळशी हाये. शेलूबाजारची पाहा तुमी."

सर चकित होऊन काकाजींकडे वळले. "तुमची मुलगी सुंदर खेळते हो," ते म्हणाले. "इतकी स्वच्छ उडी मी बऱ्याच दिवसांत पाहिली नाही."

इतकी तोंडावर, इतकी मोठ्यानं, भरल्या मैदानात केलेली स्तुती! काकाजींचा चेहरा पांढरा पडला. जणू कोणी वांग्याच्या उभ्या पिकावर गारांची टोपली ओतत होतं. "सुंदर कायची सर!" ते घाईघाईनं म्हणाले. "गुडघा दुखते तिचा. रातभर कण्हते."

लेकराच्या गालाला काजळ लावावं, तसा त्यांनी पोरीला गुडघ्याचा आजार लावला होता. हे मला कळलं, साक्षीच्या वडिलांना कळलं, मागं उभ्या असलेल्या मुन्नालाही कळलं. सरांना कुठून कळणार? त्यांचं तोंड उतरलं. ते माझ्याकडे वळले. "कोच, जुनी दुखापत आहे का? खरं सांगा."

एवढंच म्हणायचं होतं की, नाही सर, गुडघा ठणठणीत आहे. अख्ख्या हयातीत मला चेंडू इतका सोपा कोणी दिला नसेल. पण माझी जीभही याच जिल्ह्यातली. तोंडातून निघालं, "तसं... चालून राह्यलं सर. ठीकठाक." पुन्हा एकदा आपल्याच रिंगमध्ये! सरांनी पॅडवर पेन टेकवलं आणि एक रेघ ओढली.

पल्लवी पाण्याची बाटली घेऊन मागेच उभी होती. तिचा आवाज आम्ही आजवर कधी चढलेला ऐकला नव्हता.

"बाबा, माह्या गुडघ्याले काय झालं?"

काकाजी चालायला लागले.

"साक्षी खेळली का तुमाले दोन डोळे. मी खेळली का पाठ. अन आता गुडघा? मी कोनाची हावो बाबा? सांगा ना, कोनाची हावो?"

ती मैदानाच्या पलीकडे जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. काकाजी कडेकडेनं चालत होते, मी त्यांच्या मागे. खुर्च्या उचलायला सुरुवात झाली होती.

"काकाजी, जा, सांगा सरांना."

"काय सांगू?"

"गुडघा चांगला आहे म्हणून."

त्यांनी तोंड उघडलं. ओठ हलले. पहिलं अक्षर घशापर्यंत आलं असेल, पण तिथून पुढे येईना. पुन्हा प्रयत्न केला. पुन्हा नाही. सर पिशवीची चेन लावत होते. एकाएकी काकाजी मैदानाच्या मधून, जिथे बूट घातल्याशिवाय जायचं नसतं तिथून, थेट सरांसमोर जाऊन उभे राहिले.

"सर, तो गुडघा माहा हाये."

"म्हणजे?"

"दुखते तो. माहा दुखते, तिचा नाई."

"मग मघाशी तिचा का म्हणालात?"

"घरात एकाचा दुखला का समद्याइचा दुखते सर."

सरांनी त्यांच्याकडे नीट पाहिलं. "बरं. मुलीचं काय मग? ती कशी आहे?"

"मले नका इचारू," काकाजी म्हणाले. त्यांचा आवाज चिरकला. "म्या तिले खेळताना कदी पाह्यलंच नाई. तुमी पाहा. पळवा, उड्या माराले लावा. तुमच्या डोयानं पाहा." आणि खात्री पटावी म्हणून चांगले लंगडत कडेला गेले.

सरांनी पिशवी खाली ठेवली. दोघींना पुन्हा बोलावलं. काकाजींनी मैदानाकडे पाठ केली आणि मला ओढून समोर उभं केलं. "हालू नोको. अन जांभई देशीन तर पाहाजो."

पल्लवी रागात होती. साक्षीनंही काही कमी ठेवलं नाही, ती खरोखरच काकाजी सांगत तशी खेळायची, अगदी डावा पाय रोवून. पण त्या दिवशी रिंगवर आपटलेला प्रत्येक चेंडू पल्लवीनं असा ओढला, जणू कोणाकडून आपलीच वस्तू परत घेत होती. एकदा दोघी आपटल्या, पल्लवी गुडघ्यावर पडली, आणि पडल्या जागेवरून उठून पुन्हा उडाली. माझ्या चेहऱ्यावर त्या वेळी काय दिसलं कोण जाणे. काकाजींनी डोळे मिटून घेतले.

पल्लवीची निवड झाली, साक्षी राखीव. साक्षीचे वडील येऊन म्हणाले, "तुमचीच भारी हाये काकाजी." काकाजी म्हणाले, "कायची भारी! तुमचीवर अन्याव झाला." मुन्नानं हॉर्न वाजवेपर्यंत ते दोघं एकमेकांच्या मुलींसाठी तावातावानं भांडत होते.

जीपमधून उतरताना काकाजी लंगडले. मी हसलो, नाटक अजून चालूच आहे म्हणून. दुसऱ्या दिवशी बाजारातही लंगडत आले. "काय झालं काकाजी?" "गुडघा बापू. लय दुखते." तिसऱ्या दिवशी बांधावरून लंगडत. मुन्नाला खरंच काळजी वाटली. त्यानं त्यांना बळेच वाशीमला डॉक्टरकडे नेलं, मीही गेलो. फोटो काढला. डॉक्टर तो उजेडात धरून मोठ्यानं म्हणाले, "अहो काकाजी, गुडघा तर एकदम चांगला आहे तुमचा!"

काकाजी ताडकन उठले. दाराकडे पाहिलं. "डॉक्टर," ते म्हणाले, "हळू बोला ना जरा."

पल्लवी गेली त्या सकाळी आम्ही सगळे स्टँडवर होतो. तिनं वाकून नमस्कार केला, आणि वाकल्यावर तशीच थांबून काकाजींच्या गुडघ्यावर हात ठेवला. "जास्त चालू नका बाबा," ती म्हणाली, "दुखन." तिला हे कधी उमगलं, कोणी सांगितलं, मला ठाऊक नाही. मी तरी सांगितलं नव्हतं. काकाजींनी मान हलवली. बस दिसेनाशी होईपर्यंत ते तिकडेच पाहत होते. पाहायला हरकत नव्हती; बसमध्ये ती खेळत थोडीच होती!

ती खेळत राहिली तोवर काकाजी लंगडत राहिले. तिकडे मोठा सामना असला की इकडे काठी यायची. "आज जास्त हाये काय काकाजी?" "पाऊल टाकवत नाई." हे ते इतक्या समाधानानं सांगायचे की नवख्या माणसाला वाटावं, गुडघेदुखी ही काही मिळवायची वस्तू आहे. मागच्या साली भेद्रं, म्हणजे टोमॅटो, तोडायच्या दिवसांत ते गेले. छातीत कळ आली. गुडघ्याचा काही संबंध नव्हता. पल्लवी आली, तेरावं करून गेली. जाताना मैदानावर आली होती. चेंडूला हात लावला नाही. कडेकडेनं चालून आली, आणि गेली.

परवा तिचा सामना मोबाइलवर दिसत होता. दुकानात दहा-बारा टाळकी जमलेली. पल्लवीनं दोघींच्या डोक्यावरून चेंडू ओढला आणि मुन्ना बेभान होऊन ओरडला, "अख्ख्या राज्यात अशी चार नंबर नाई! कोनी दाखवा मले!"

कोणीतरी लगेच 'कायची भारी!' म्हणायला हवं होतं, आणि ते म्हणणारा माणूस नव्हता. सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पडद्यावर ती पुन्हा रिंगखाली जाऊन उभी राहिली होती.

"कंबर धरली यार माही," मी म्हणालो, आणि दोन्ही हात कंबरेवर ठेवले. "कालपासून. उठवत नाई का बसवत नाई."

कोणी हसलं नाही. सवयीनं मी मागचं स्टूल ओढायला गेलो, तर मुन्नानं ते पायानं दूर सरकवलं.

"बसू नोको," तो पडद्यावरची नजर न काढता म्हणाला. "मॅच संपेपर्यंत बसू नोको."